चकचकीत नको, कळेल असं दाखवा!

शहराचं थ्रीडी मॉडेल म्हटलं की आपल्याला आकाशातून फिरवून आणतात. काचेच्या इमारती, हिरवीगार झाडं, मागे म्युझिक. टाळ्या!

पण सांगलीकरांचा प्रश्न साधा आहे: पाणी माझ्या दारात कधी येणार? २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४५. हे दाखवायला इमारतींना खिडक्या कशाला हव्यात? साधे ठोकळे चालतील, जमिनीची उंची तेवढी अचूक हवी. पुलाजवळ ४५, ५०, ५५ फूट झाल्यावर कुठली गल्ली बुडते, ते वेगवेगळ्या रंगात दाखवा. रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेतून दाखवा. उंच इमारतीआड मागची घरं लपतात, म्हणून सोबत सपाट नकाशाही द्या.

पुढच्या सादरीकरणात टाळ्या नंतर वाजवा. आधी म्हणा, माझी गल्ली दाखवा!