शहराची हद्द शेवटच्या गाडीपर्यंत

आज १ जून. १९४८ साली याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. या दिवशी आगारांत तोरणे लागतात, गाड्या धुऊन पुसून उभ्या राहतात, प्रवाशांच्या हातावर पेढा ठेवला जातो. यवतमाळकरांनी मात्र हा वाढदिवस तसा उसनाच घेतलेला आहे. १९४८ मध्ये यवतमाळ मुंबई प्रांतात नव्हते. ते मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर होती आणि इथली सरकारी मोटारसेवाही वेगळी होती. १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, मग १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले आणि विदर्भाची गाडी एसटीच्या पाटीखाली आली. उसना असला तरी हा दिवस जिल्ह्याने मनापासून आपला मानला. सोळा तालुके आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा हा पसारा एका दोरीत ओवणारे दुसरे साधन त्याच्याजवळ नव्हते आणि आजही नाही. म्हणून पेढा तोंडात टाकण्याआधी आजच्या दिवशी स्थानकावर थोडे थांबून पाहायला हवे.

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास यवतमाळच्या स्थानकावर गेले की शहर परतीला लागलेले दिसते. कॉलेजच्या मुली दप्तर पोटाशी धरून फलाटाच्या कडेला उभ्या असतात. बियाण्याची पिशवी पायात धरून बसलेला शेतकरी असतो. सरकारी रुग्णालयातून आलेली एखादी म्हातारी असते. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रेचे मोठे पाकीट, औषधाच्या पट्ट्या आणि घडी घातलेली चिठ्ठी. ती दर दहा मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारते, "घाटंजीची लागली का जी?" गाडी लागते. वाहक हात देऊन तिला वर घेतो, कोणीतरी खिडकीजवळची जागा सोडते. पण ही गाडी तिला घरापर्यंत नेणार नाही. ती फाट्यावर उतरेल आणि तिथून तीन किलोमीटर अंधारात चालेल, नाहीतर नातवाने मोटारसायकल घेऊन यावे म्हणून फोन करेल. सकाळी लवकर ती घरून निघाली, डॉक्टरांनी तिला पाच मिनिटे पाहिले, बाकीचा सारा दिवस गाडीच्या वेळेने खाल्ला.

ही बाई यवतमाळची रहिवासी नाही. कोणत्याही जनगणनेत तिचे नाव या शहरात येणार नाही. तरीही तिचा दवाखाना इथे, सातबाऱ्याची भानगड इथे, नातीचे कॉलेज इथे. शहराची हद्द नगरपरिषदेच्या नकाशावर आखली जाते, पण शहर खरोखर कुठवर पोहोचले हे संध्याकाळची शेवटची गाडी ठरवते. ती गाडी ज्या फाट्यावर थांबते, तिथे आपले शहर संपते.

शहर वाढते आहे, यात वाद नाही. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाख १६ हजार होती. त्यानंतर हद्दवाढ झाली आणि लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा, मोहा ही भोवतालची गावे शहरात आली. आर्णी रोड, दारव्हा रोड, धामणगाव रोड, पांढरकवडा रोड अशा चारही अंगांनी लेआउट पडले. घरपट्टीची बिले पोहोचली, नळाच्या जोडण्यांची रांग लागली. पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून दत्त चौकात येणाऱ्या कामगाराला, वाघापूरहून शाळेत जाणाऱ्या पोराला शहराने नेण्या-आणण्याची सोय दिली नाही. हद्द वाढली आणि अंतर वाढले, ते ज्याने त्याने आपापल्या खिशातून भरून काढले.

खिशातून म्हणजे दुचाकीच्या हप्त्यातून किंवा ऑटोच्या भाड्यातून. ऑटोवाल्यांना दोष देणे सोपे आहे. चौकात वाकडे उभे राहतात, सीट भरल्याशिवाय हलत नाहीत, कडेच्या सवारीचा एक पाय बाहेर असतो, हे सारे खरे. पण बस नसलेल्या शहरात रोज हजारो माणसांना कामावर पोहोचवणारा तोच आहे, आता त्याच्या जोडीला ई-रिक्षा आली. जे काम नगरपरिषदेने करायचे ते त्याने पोट भरण्यासाठी अंगावर घेतले. त्याला थांबा नाही, ठरलेला मार्ग नाही, भाड्याचा फलक नाही. वाहतूक पोलिसाची शिट्टी एवढाच त्याचा आणि शासनाचा संबंध.

धोरणे नाहीत असेही नाही. २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले. रस्त्याची जागा गाड्यांच्या हिशेबाने नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटावी, असे त्याचे सूत्र होते. ऑगस्ट २०२३ मध्ये 'पीएम ई-बस सेवा' मंजूर झाली. देशभर १० हजार विजेच्या बसगाड्या, आणि ज्या शहरांत संघटित बससेवा नाही त्यांना प्राधान्य. वाचताना वाटावे की ही योजना यवतमाळसाठीच लिहिली. पण अट वाचली की पान मिटावे लागते. २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेले शहरच सर्वसाधारणपणे पात्र. अमरावती बसते, अकोला बसते, चंद्रपूर बसते. यवतमाळ बसत नाही, मग पुसद, वणी, उमरखेडचे नाव कोण घेणार? २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. म्हणजे हद्दवाढीत आलेली गावे हिशेबात नाहीत आणि सकाळी स्थानकावर उतरणारी माणसे तर कुठल्याच हिशेबात नाहीत. ज्या जिल्ह्यात २७ लाखांहून अधिक लोक राहतात, त्याच्या मुख्यालयाची गरज रात्री तिथे झोपणाऱ्यांवरून मोजली जाते. दिवसा तिथे कामाला येणाऱ्यांचा विचार कोणत्या रकान्यात करायचा?

या जिल्ह्याला वाहतुकीचा हा अनुभव नवा नाही. इथे वाट नेहमी आधी मालाला मिळाली, माणूस मागून चढला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभारली ती कापसासाठी. दारव्हा, कारंजा करीत कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला. त्याच गाडीला लोकांनी प्रेमाने 'शकुंतला' म्हटले, कारण कापसाच्या गाठींबरोबर ती बाजारकरूंना, परीक्षेच्या पोरांना आणि लग्नाच्या वऱ्हाडांनाही नेऊ लागली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते. ती बंद पडली आणि तिचे रुंदीकरण हा निवडणुकीच्या सभेतला विषय होऊन बसला. वणीकडे कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, त्यांच्यासाठी रस्ते खचतात आणि पुन्हा बांधले जातात. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातल्या वर्धा-कळंब या ३९ किलोमीटरवर पहिली गाडी सुटायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडली. एक पिढी 'रेल्वे येणार' हे ऐकत मोठी झाली आणि तोवर धामणगावच्या स्थानकावर जाऊन मुंबईची गाडी पकडत राहिली.

रेल्वेची वाट पाहण्यात चूक नाही. पण मोठ्या प्रकल्पाकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यात छोटी फेरी गपचूप मरते, कारण तिचे भूमिपूजन झालेले नसते आणि तिच्या मृत्यूची बातमीही होत नाही. मुक्कामी गाडीचे तसे झाले. रात्री आठ-नऊला खेड्यात येणारी, देवळाजवळ किंवा पिंपळाखाली उभी राहणारी ही गाडी. चालक-वाहक त्याच गावात झोपत, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकर-भाजी येई. पहाटे तीच गाडी दूध, भाजी, शाळेची पोरे आणि दवाखान्याचे पेशंट घेऊन निघे. मुक्कामी गाडी म्हणजे त्या गावाला दिलेला शब्द होता. गेलेला माणूस रात्री परत येईल, याची हमी ती देत असे.

आगाराच्या हिशेबात मात्र ती नेहमी तोट्यातच दिसते. एसटीचा हिशेब भारमानाने, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या यावर चालतो आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीला भारमान मिळणार कुठून? शेवटची गाडी रिकामी धावते म्हणून बंद करा, तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडीही अर्धी रिकामी होते. परतायची खात्री नसलेला माणूस निघतानाच मोटारसायकल काढतो. शेवटच्या गाडीचे उत्पन्न असे पहिल्या गाडीच्या तिकिटात दडलेले असते. ते वेगळे मोजले की दोन्ही गाड्या जातात.

२०२१-२२ चा संप पाच महिन्यांहून अधिक चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे वर्षानुवर्षांची ओढाताण होती, हे नाकारता येत नाही. पण त्या महिन्यांत खेड्यांनी एसटीवाचून जगायला शिकून घेतले आणि गेलेला प्रवासी सगळाच्या सगळा परत आला नाही. करोनापूर्वी १८ हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा नंतर १५ हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या की कात्री आधी आतल्या गावांच्या फेऱ्यांना लागते. नागपूर, अमरावतीच्या फेऱ्या वाचतात.

या काळात सवलती मात्र वाढल्या. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. दोन्ही निर्णय चांगले आहेत. ज्या बाया वर्षातून दोनदा माहेरी जात, त्या आता तालुक्याच्या बाजारालाही एकट्या जातात. पांढरकवड्याहून पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या बसमध्ये तिकीटच नाही. तेव्हा आमच्याकडेही पूर्ण मोफत करा, अशी मागणी निवडणूक जवळ आली की होईल. पण सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळते. ज्या फाट्यापलीकडे गाडीच जात नाही, तिथल्या बाईला अर्धे तिकीट काय आणि पाव तिकीट काय!

मग करायचे काय? यवतमाळपेक्षा लहान असलेल्या एका गावाकडे पाहा. रत्नागिरी ही नगरपरिषदच आहे, २०११ मधली लोकसंख्या सुमारे ७६ हजार. तिथे एसटीची शहर बस वर्षानुवर्षे चालत आली आहे. म्हणजे एवढ्या शहराला बस परवडत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. यवतमाळात स्थानक, शासकीय रुग्णालय, जिल्हाधिकारी कार्यालय, लोहारा आणि वाघापूर यांना जोडणारा एक फेरा एसटीने चालवावा आणि तोट्याचा वाटा नगरपरिषदेने अर्थसंकल्पात नाव घेऊन उचलावा. ऑटोंना थांबे आणि भाड्याचे फलक द्यावेत, म्हणजे ते या फेऱ्याचे वैरी न होता त्याला सवारी आणून देतील. राज्य सरकारने तीन लाखांच्या अटीत न बसणाऱ्या जिल्हा मुख्यालयांसाठी स्वतःची योजना काढावी आणि तिची पात्रता ठरवताना रोज शहरात उतरणारी माणसे मोजावीत. ती मोजायला जनगणनेची गरज नाही, वाहकांच्या तिकीट यंत्रांत त्यांची नोंद रोज होते.

दुसरी गोष्ट पैशाचीही नाही, वेळेची आहे. स्वित्झर्लंडने १९८२ पासून रेल्वेचे वेळापत्रक असे बांधले की गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते आणि डोंगरातल्या गावाला जाणारी बस तिच्याशी वेळ जुळवून निघते. आपल्याला आल्प्स नको, डोंगरातली बसही नको. बाह्यरुग्ण विभाग किती वाजता सुटतो, कॉलेजचा शेवटचा तास किती वाजता संपतो, तहसीलची खिडकी कधी बंद होते, एवढे कागदावर लिहून शेवटची गाडी त्यांच्यानंतर ठेवता येते. आज रुग्णालय, कॉलेज आणि आगार एकाच शहरात असून तिघांची घड्याळे वेगळी चालतात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे विभागीय कार्यालय, नगरपरिषद आणि लोकप्रतिनिधी यांच्या हाती अजून तीनेक आठवडे आहेत. तेवढ्यात रेल्वे येणार नाही, ई-बसही येणार नाही. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक आगाराला आपल्या शेवटच्या फेऱ्यांची यादी काढता येईल, बंद पडलेल्या मुक्कामी गाड्यांपैकी पावसाळ्यात ज्यांच्यावाचून अडते त्या सुरू करता येतील आणि ती यादी फलाटावरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिता येईल. आज वाढदिवस आहे, तोरणे जरूर लावा. फक्त त्या भिंतीवर सायंकाळी सहानंतरची ओळ कोरी ठेवू नका.