शिकून लावलेली पैज

घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात स्पष्ट केलं. रेसच्या शौकिनांना हा निकाल फार प्रिय. पैज लावण्यापूर्वी घोड्यांचा अभ्यास करावा, असं सांगणारे सगळे त्याचाच आधार घेतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे.

हॅंडिकॅप शर्यतीत रेस क्लबचा हॅंडिकॅपर प्रत्येक घोड्याच्या रेटिंगप्रमाणे वजन ठरवतो. सरस घोड्यावर जास्त वजन, कमकुवत घोड्यावर कमी. जॉकी हलका भरला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. सगळे घोडे एकाच वेळी विनिंग पोस्टला पोहोचावेत, हे त्या माणसाचं स्वप्न. म्हणून ‘सगळ्यात चांगला घोडा कोणता?’ हा प्रश्नच इथे चुकीचा. हॅंडिकॅपरचा अंदाज कुठे चुकला, ते शोधायचं असतं. समजा, एक घोडा गेल्या वेळी १२०० मीटरला चौथा आला. रेसबुकात चौथा क्रमांक एवढंच दिसेल. पण तो शेवटच्या टप्प्यात झपाट्याने पुढे येत होता, आज अंतर १६०० मीटर आहे, रेटिंग उतरल्याने वजनही घटलंय आणि वर शिकाऊ जॉकीमुळे मिळणारी वजनातली सूट, हे ज्याने टिपलं त्याच्या हाती काहीतरी लागलं. शिवाय पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, तेव्हा ओल्या, जड मैदानावर कोण पळतो आणि कोण अडखळतो, याची नोंद हवी. सकाळच्या सरावाच्या वेळाही पाहाव्या लागतात. हे काम चिकाटीचं आहे आणि मला तरी ते मटक्याच्या आकड्यापेक्षा प्रतिष्ठेचं वाटतं.

अडचण अशी की हेच रेसबुक रांगेतल्या इतरांच्याही हातात असतं. टोटमध्ये, म्हणजे क्लबच्या सामायिक पैज-व्यवस्थेत, सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून क्लबचा वाटा कापला जातो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे सामना घोड्याशी नव्हे, बाकीच्या पैज लावणाऱ्यांशी. जगभरात साधारण तीनातली एक शर्यत फेव्हरिट, म्हणजे सर्वाधिक पसंतीचा, घोडा जिंकतो, तेव्हा गर्दी काही अगदीच अडाणी नाही. तुमचा घोडा बरोबर निघाला, पण तो सगळ्यांनीच हेरला होता, तर हाती जेमतेम परतावा पडतो.

त्यात कर. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. जिंकलात तर प्राप्तिकर ३० टक्के, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. न्यायालय ज्याला कौशल्य म्हणतं, त्याला कर खातं कॅसिनोच्या पंगतीत बसवतं. हा दुटप्पीपणा क्लबांनी जरूर मांडावा, पण तोवर अभ्यासाने मिळवलेली बारीकशी आघाडी हा कर सहज गिळून टाकतो.

मग शिकूच नये का? शिकावं. न शिकलेला माणूस शेवटी कुणाच्या तरी ‘खात्रीच्या खबरी’वर पैसे लावतो, आणि ती खबर विकणाऱ्याचा घोडा कधीच हरत नाही. शिकलेला निदान शर्यती सोडून द्यायला शिकतो. दिवसाच्या आठ शर्यतींपैकी सहा नुसत्या पाहतो. खरा धोका अर्धवट शिकलेल्याला आहे. त्याला आपलं गणित पटलेलं असतं, म्हणून तो अडाण्यापेक्षा मोठी रक्कम लावतो आणि हरल्यावर गणिताला नाही, जॉकीला दोष देतो.

म्हणून घोड्यांचा अभ्यास छंद म्हणून करावा, उत्पन्न म्हणून नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने एक अख्खा हंगाम फक्त वहीत पैजा लावाव्यात, प्रत्येक पैजेतून कर वजा करावा आणि हंगाम संपल्यावर बेरीज पाहावी. बेरीज उणे आली, तर पैजेच्या खिडकीकडे जाऊ नये.