चोराची नाही, ओळखीच्या चेहऱ्यांची भीती

आमची पोरं एवढी घाबरतात कशाला, असं शहाजोगपणे विचारलं जातं. २०१४ ला खर्ड्यात सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून १७ वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. २०१५ ला शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून जीव घेतला. २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत भीमजयंती साजरी केली म्हणून.

ही भीती अंधाराची नाही. रोज पारावर बसणाऱ्या, नावानिशी माहीत असलेल्या माणसांची आहे. आणि म्हणे समुपदेशन करा! खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले, २०१७ ला सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराला आम्ही शिव्या घालणार नाही. साक्ष देऊन त्याला त्याच गावात परतायचं असतं. शेत त्यांचं, मजुरी त्यांची, पिठाची गिरणीसुद्धा त्यांचीच.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५अ लागू आहे. पीडित व साक्षीदारांचं संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. फिर्यादीला हे कुठलं पोलीस ठाणं आपणहून सांगतं? म्हणून फिर्याद द्यायला एकट्याला पाठवू नका. एफआयआरची प्रत घ्या, संरक्षणाचा लेखी अर्ज विशेष न्यायालयात द्या आणि पोच जपून ठेवा.