अंगण नाही, पण कुत्रा हवा!

‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला की निम्म्या वह्यांत कुत्राच येतो, आणि तो अंगणात बसून राखण करतो. आमच्या केळव्यात वाड्या आहेत, तिथे हे खपून जातं. बोईसरच्या वन रूम किचनमधल्या मुलाने अंगण कुठून आणायचं? हट्ट मात्र असतोच. मग पालक विचारतात, “फ्लॅटमध्ये कुत्रा पाळावा का हो?”

माझं मत, पाळावा. वाडीत दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा आणि गॅलरीत कोंडलेला कुत्रा, दोघांचे हाल सारखेच. त्याला अंगणापेक्षा रोज दोन वेळा फिरवणारं माणूस लागतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातसुद्धा हे आहे: कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं ही क्रूरताच धरली जाते.

म्हणून पालकहो, आधी घरातलं वेळापत्रक बघा. बाबांची एमआयडीसीत रात्रपाळी, आईची सकाळची लोकल, मग पट्टा धरणार कोण? चौथीतलं पोरगं “मी फिरवीन” म्हणेल, पण मोठ्या कुत्र्याने ओढलं तर तेच रस्त्यावर पडेल.

आणि हस्की तर नकोच. बर्फातलं जनावर आपल्या दमट हवेत नुसतं धापा टाकत बसणार. त्यापेक्षा गल्लीतलं गावठी पिल्लू आणा, इथल्याच हवेतलं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. रविवारी सकाळी लवकर केळव्याच्या किनाऱ्यावर आणलंत तरी चालेल. दुपारी नको, वाळू चटके देते.