वाघाच्या ताटातलं औषध

लोधीखेड्याहून नागपूर फार लांब नाही, त्यामुळे मुलांच्या सुटीत गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय हा ठरलेला बेत. तिथल्याच वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झालं आणि संशय गेला तो त्यांना खाऊ घातलेल्या कोंबडीवर.

तो विषाणू होता. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पण कच्च्या मांसाच्या त्याच वाटेने औषधांना न जुमानणारे जिवाणूही पिंजऱ्यात पोहोचू शकतात. मंडळी, मला जास्त काळजी त्यांची वाटते.

कोंबडी लवकर भरावी म्हणून खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळलं जातं. त्याने कच्चे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. वर आपला चिवटपणा शेजारच्या जिवाणूलाही देतात! कॉलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी काढायचं औषध. त्यालाही दाद न देणारा जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आपल्या सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी कॉलिस्टिन बंद केलं जुलै २०१९ मध्ये.

आपल्याकडे बकरी मलूल झाली की घरात उरलेली गोळी चारणारे आहेतच. ती लागू पडली नाही, तर निदान डॉक्टरला बोलावून बकरी धरता तरी येते. वाघाला साधं तपासायचं तरी बहुधा बेशुद्ध करावं लागतं.