जुन्या लॅपटॉपची घरशुद्धी

सांगवीत सेकंडहँड लॅपटॉप घेण्यात आता कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. एका अंगाला हिंजवडीच्या कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला पिंपरी-भोसरीचे कारखाने. तिथले लॅपटॉप काही वर्षांनी सेवानिवृत्त होतात आणि व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत आपल्या दाराशी येतात. २०२० साली शाळा बंद पडून वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हापासून तर हे यंत्र पाटी-दप्तराच्या यादीत जाऊन बसले आहे. दिवाळीचा बोनस हाती पडला की फराळ, कपडे आणि मग पोरांचा लॅपटॉप, असा क्रम बऱ्याच घरांत लागतो. नव्याच्या निम्म्या किमतीत धडधाकट वस्तू मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. मात्र मुलाच्या हाती देण्यापूर्वी तिचे काय करावे, हे दुकानदार सांगत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत हा लेखनप्रपंच.

आमच्या एका शेजाऱ्यांनी सहावीतल्या लेकीसाठी असाच एक लॅपटॉप आणला. उघडावा तो काय, पानावर पान उघडू लागले. त्यावर पत्त्यांचा जुगार, झटपट कर्ज आणि नको त्या जाहिराती! मधूनच लाल पाटी झळके, ‘तुमच्या यंत्रात विषाणू सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ काही काम न देताही पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. आधीच्या मालकाच्या पगाराच्या पावत्या आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटोदेखील आत जसेच्या तसे होते. मुलगी म्हणाली, “बाबा, यात आधीच कुणीतरी राहतंय!”

पोरीचे निदान अगदी अचूक होते. उपाय मात्र वडिलांनी नेहमीचाच केला. एक अँटीव्हायरस टाकला, त्याने दोनशे-अडीचशे गुन्हेगार पकडल्याचे जाहीर केले, घरात आनंदीआनंद झाला आणि चौथ्या दिवशी जुगाराचे पत्ते पुन्हा पडद्यावर हजर! यात अँटीव्हायरसचा दोष फारसा नाही. मालवेअर एकदा का यंत्राचा कारभारी होऊन बसले, की ते स्वतःला लपवू शकते, पहारेकऱ्याला झोपवू शकते आणि बाहेरून नवे साथीदार बोलावू शकते. ज्या यंत्रात आपला म्हणून जपण्याजोगा एक कागदही नाही, त्याची अशी डागडुजी कशाला करायची? ढेकूण झालेल्या गादीवर नवी चादर घालण्यापैकीच हा प्रकार. सरळ सगळे पुसून टाकावे आणि पहिल्यापासून मांडामांड करावी. काम तास-दोन तासांचे आहे आणि ज्याला मोबाईलवर रेल्वेचे तिकीट काढता येते त्याला ते जमते.

दुसऱ्या एखाद्या निरोगी संगणकावर, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोज बसवण्याचे साहित्य त्यावर उतरवून घ्यावे. पेनड्राइव्हवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते, हे ध्यानात असू द्या; नाहीतर लग्नाच्या फोटोंवरून घरात महाभारत व्हायचे. मग तो जुन्या लॅपटॉपला लावून, सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून, यंत्र पेनड्राइव्हवरून चालू करावे. हार्डडिस्कचे जे भाग दिसतील ते सगळेच्या सगळे काढून टाकावेत. ‘डी’ भागात काही चांगले गेम आहेत, ते राहू द्या, असा आग्रह चिरंजीव धरतील. त्याला बळी पडू नये. मदरबोर्डच्याच चिपमध्ये दडून बसणारे मालवेअरही जगात आहे, पण ते विरळा; साधी रोगराई इतक्याने समूळ जाते. हे होईपर्यंत त्या यंत्राला घरचे वायफाय देऊ नये, त्यावर बँकेचे किंवा ईमेलचे खाते उघडू नये.

शक्य तर ही पुसापुशी दुकानातच करून घ्यावी. कारण असे की कचेरीतून आलेले काही लॅपटॉप पुसल्यावर इंटरनेटला जोडले की ‘हे यंत्र अमुक कंपनीचे आहे, तिच्या खात्याने आत या’ असे म्हणून अडून बसतात. कंपनीने आपल्या वहीतून त्यांचे नाव कमी केलेले नसते. बायोसला जुना पासवर्ड असला तरी अशीच अडवणूक होते. पैसे देण्यापूर्वी हे कळले तर बरे. नंतर कळले तर दुकानदाराच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्याच वेळी यंत्र सपाट टेबलावर ठेवून तळाशी फुगवटा आहे का, तेही बघावे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती बदलल्याशिवाय यंत्र मुलाजवळ ठेवू नये.

आता खरी मेख. दुकानदार मोठ्या प्रेमाने म्हणतो, “काही काळजी करू नका साहेब, विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं टाकून देतो, फुकट!” हे फुकटचे सामान चालू करण्यासाठी जी कुलूपतोडी अवजारे वापरतात, त्यांच्याच पोटात अनेकदा मालवेअर असते; शिवाय ती चालावीत म्हणून आधी पहारेकऱ्याला बंद करायला सांगतात. म्हणजे चोराला सोबत म्हणून घरी नेण्याचाच हा सौदा! आणि गंमत अशी की, याची बहुधा गरजच नसते. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून बहुतेक नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच कोरलेली असते. त्याच आवृत्तीची विंडोज पुन्हा बसवली की इंटरनेट मिळताच ती आपोआप अधिकृत होते.

पुसलेले यंत्र पुन्हा का आजारी पडते, हा प्रश्न पुण्यात फार जुना आहे. नव्वदच्या दशकात कैलास काटकर नावाचे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे एक तरुण संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्त केलेली यंत्रे विषाणू घेऊन पुन्हा पुन्हा परत येऊ लागली, कारण त्या काळी रोग फ्लॉपीवरून पसरे आणि फ्लॉपी कारकुनाच्या खिशातून कचेरीभर हिंडे. धाकटे बंधू संजय संगणकाचे शिक्षण घेत होते. त्यांनी यावर औषध लिहिले. तेच पुढे क्विक हील झाले आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले. सरकारनेही २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र काढले. घरातल्या इतर संगणकांसाठी सफाईची साधने तिथे मोफत मिळतात. फ्लॉपी गेली, पण तिची जागा पेनड्राइव्हने आणि फुकटच्या गेमने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

आणखी एक अडचण. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि साधारण २०१८ पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशा म्हाताऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालावे. ते मोफत आहे, चोरीचे नाही, आणि विंडोजसाठी लिहिलेली रोगराई तिथे सहसा रुजत नाही. लहानग्यांसाठी जीकॉम्प्रिस आणि चित्रे काढायला टक्स पेंट ही दोन्ही त्यावर विनामूल्य चालतात. मला विचाराल तर दहा वर्षांखालच्या मुलाला एवढे भरपूर झाले.

नव्या घराच्या किल्ल्या मात्र आईवडिलांकडेच राहाव्यात. प्रशासकाचे खाते मोठ्यांचे, त्याचा पासवर्ड मोठ्यांनाच ठाऊक. मुलासाठी वेगळे साधे खाते, ज्यातून आपल्या संमतीशिवाय यंत्राच्या गाभ्याला हात लावता येत नाही. हा एक नियम पाळला तरी पुष्कळसे संकट उंबऱ्याबाहेर राहते. नेटवर्कच्या मांडणीत डीएनएसच्या जागी १.१.१.३ हा क्रमांक घातला, तर क्लाउडफ्लेअरची २०२० पासूनची मोफत सेवा घातक आणि अश्लील संकेतस्थळे बऱ्याच अंशी अडवते. विंडोजमधला डिफेंडर पहाऱ्याला पुरेसा आहे; दोन पहारेकरी ठेवले तर ते आपसातच भांडतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप उतरू द्याव्यात, ‘नंतर, नंतर’ म्हणत ढकलू नयेत.

आणि वडिलांनी आपले बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवर करू नयेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरले आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून. एवढ्या मोठ्या बँकेवर ही पाळी येते, तिथे आपल्या पगारखात्याची काय कथा! तरीही पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, उशीर करू नये.

एवढे करूनही पत्त्यांच्या जुगाराऐवजी दुसरे काहीतरी पडद्यावर येणारच. तेव्हा मूल काय करते? ज्या घरात लॅपटॉप बिघडला की पहिला प्रश्न ‘काय उद्योग केलेस?’ असा असतो, तिथे ते झाकण मिटून गप्प बसते, नाहीतर घाबरून पाटीवरच्या क्रमांकाला आजीच्या मोबाईलवरून फोन लावते. म्हणून यंत्र हाती देतानाच सांगून ठेवावे की असे काही दिसले तर कशालाही हात लावायचा नाही, हाक मारायची. कोणी रागावणार नाही. आणि खरोखरच रागावू नये, हे वडील मंडळींसाठी. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप आता बाहेरच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनशेजारी असतो. परवा संध्याकाळी तिथून हाक आली, “आई, हे बघ, म्हणे मला मोटार लागली!” आईने सुई थांबवली, चष्मा वर केला आणि दोघींनी मिळून ती मोटार नाकारली.