दर्शकाला विचारतो कोण?

घोडनदीकाठच्या शिरूरमध्ये काय किंवा भीमेकाठच्या दौंडमध्ये काय, दिवेलागणीनंतर घराघरांतून दूरचित्रवाणीचा आवाज ऐकू येऊ लागतो. रांजणगावच्या कारखान्यातील पाळी संपवून आलेला कामगार, दौंडच्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त कर्मचारी, न्हावऱ्याचा ऊस-उत्पादक, केडगावच्या गुऱ्हाळावर राबून परतलेली मजूर स्त्री, ही सारी माणसे त्या पडद्यासमोर बसतात. दिवसभराच्या श्रमांनंतर चार घटका करमणूक व्हावी, आपल्या मुलखात आणि जगात काय चालले आहे ते कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती अवाजवी आहे असे कोणीही म्हणणार नाही. तरीही ही माणसे पडद्यासमोरून उठतात ती बहुधा कुरकुरतच.

त्यांच्या तक्रारी साध्या आहेत. हवी ती वाहिनी घेतलेल्या पॅकमध्ये नसते. जी असते तिच्यावरच्या जाहिराती संपता संपत नाहीत. पावसाची मोठी सर आली की डिशवरचे चित्र गोठते. रिचार्जची मुदत संपली की पडदा त्याच रात्री काळा होतो; मात्र केबल चार दिवस बंद राहिली तर भरलेल्या पैशांचा हिशेब कोणाला विचारावा हे कळत नाही. तक्रारीसाठी दूरध्वनी करावा, तर ध्वनिमुद्रित आवाज ‘एक दाबा, दोन दाबा’ असे सांगत राहतो. या कुरकुरी हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला त्या हसण्यावारी नेण्याजोग्या वाटत नाहीत. कारण या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या व्यवस्थेत दर्शकाला कोणी काही विचारीत नाही.

पूर्वी तरी विचारीत होते काय? तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्याच्या परिसरात दिसू लागले. उंच खांबावरचा अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरवीत लोकांनी ‘आमची माती, आमची माणसं’ पाहिले, ‘गजरा’ पाहिला. ते कार्यक्रम मराठी माणसाचे होते यात शंका नाही. परंतु काय दाखवायचे हे सरकार ठरवीत होते आणि आणीबाणीच्या काळात ते माध्यम सत्तेच्या दारी कसे बांधले गेले हे देशाने पाहिले. १९८२ साली रंग आला. त्याच वर्षी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा मोक्याचा वेळ मराठीच्या हातून गेला. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली होती. तिच्या दिशेने जाणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि प्रत्यक्षात येण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

दरम्यान खासगी वाहिन्या आल्या आणि सरकारची मक्तेदारी मोडली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल जपून ठेवावा असा आहे. पण मक्तेदारी मोडली म्हणून मालमत्ता मालकाच्या हाती आली काय? सरकारी अधिकाऱ्याच्या जागी जाहिरातदार येऊन बसला, एवढाच पालट झाला.

दराचे उदाहरण घ्या. दर्शकाने हव्या त्याच वाहिन्या घ्याव्यात आणि त्यांचेच पैसे द्यावेत, असे तत्त्व सांगून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ च्या आरंभी नवी दररचना अमलात आणली. तत्त्व चांगलेच होते. व्यवहारात काय झाले? एकही सशुल्क वाहिनी न घेता पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी १३० रुपयांपर्यंत आकार आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा पाया झाला. त्यावर सशुल्क वाहिन्यांचे दर. अनेक लोकप्रिय वाहिन्यांची सुटी किंमत १९ रुपये ठेवण्यात आली आणि त्याच वाहिन्या जुडग्यात इतक्या सवलतीने देण्यात आल्या की सुटी निवड करणारा खुळा ठरावा. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर राहिले. पुढे २०२४ साली जोडणी-आकारावरची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. बाजारातील स्पर्धा दर्शकाचे रक्षण करील, अशी यामागची श्रद्धा. ज्या गावात एकच केबलवाला आहे तेथे स्पर्धा कोणाशी?

ज्यांना हा मासिक भार पेलत नाही, त्यांच्यासाठी २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश आहे. गरिबांच्या घरात तिने चित्र पोहोचवले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु तिच्यावरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. २०१९ च्या मार्चमध्ये बड्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या तिच्यावरून काढून घेतल्या आणि पुढच्या वर्षी त्यांतील अनेक परत आणल्या. जाताना दर्शकाला कोणी विचारले नाही आणि येतानाही नाही.

पैशांपेक्षाही मोठी हानी आशयाची आहे. शिरूरच्या बेट भागात २०२५ साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या धावत आल्या. आईबापांचा आक्रोश दिवसभर दाखवण्यात आला. पण उसाच्या रानात रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणे ज्याच्या नशिबी आहे, त्याच्या प्रश्नाची चर्चा किती झाली? कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांभोवतालच्या पाण्याचे काय, कारखान्याने उसाची बिले का थकवली, हे प्रश्न शेकडो वाहिन्यांपैकी कोणत्या वाहिनीवर नित्यनेमाने विचारले जातात? देशातील २० कोटींहून अधिक घरांची आवड काही हजार घरांतल्या मापनयंत्रांवरून ठरते, आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचे दर ठरतात. ज्याच्या खिशात खर्चायला पैसा थोडा, त्याचा प्रश्न या हिशेबात बसत नाही.

हे असेच चालायचे, असे कोणी म्हणेल तर त्याने खेडा जिल्ह्याची आठवण ठेवावी. १९७५ साली गुजरातच्या त्या जिल्ह्यात, पीज येथील लहानशा प्रक्षेपकावरून, जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग सुरू झाला. गावकरीच त्यांत काम करीत. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता हे त्यांचे विषय असत. १९८४ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला; आपल्या सत्ताधाऱ्यांना मात्र तो पुढे चालवावासा वाटला नाही. दूर कशाला जावे? बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’ आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही सामुदायिक नभोवाणी केंद्रे आपल्याच परिसरात आहेत. थोडक्या साधनांत आपल्या बोलीत आपल्या माणसांशी बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. सह्याद्री वाहिनीवर प्रत्येक जिल्ह्यासाठी नियमित वेळ राखून ठेवावा आणि त्यासाठी तालुक्यातील तरुणांना कॅमेरा हाती घेण्याचे शिक्षण द्यावे. केबल आणि डिशच्या सेवेविषयीच्या तक्रारी तहसील पातळीवर, समोरासमोर आणि ठरलेल्या मुदतीत ऐकल्या जाव्यात. आणि प्रसार भारतीच्या कायद्यात दर्शकांच्या तक्रारींसाठी जी प्रसारण परिषद सांगितली आहे, तिचे दार कोठे आहे हे शिरूर-दौंडच्या दर्शकाला कळावे.

यांतील काहीही आपोआप मिळणार नाही. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांवर बोलणाऱ्यांनी आता या विषयावरही बोलले पाहिजे, ठराव केले पाहिजेत, ते आपल्या आमदार-खासदारांच्या हाती ठेवले पाहिजेत. हातात रिमोट आला म्हणजे निवड आपली झाली, ही समजूत आधी टाकून द्यावी लागेल. ध्वनिलहरींची मालकी न्यायालयाने जनतेची मानली आहे. ती बजावण्याचे काम जनतेलाच करावे लागणार आहे.